अकरा ओळींचं एस्टिमेट

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१५ सालची, मीटरवर ८४ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; लिहिलं की चर्चा पार्ट सोडून गाडीवर घसरते. मालकीण दंतवैद्य, राहायला ठाण्यात कोलशेतला, दवाखाना ऐरोलीत. रोजचा रस्ता बाळकुम, साकेत, कळव्याचा पूल, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून पावसाळाभर गाडी काढणाऱ्याला सस्पेन्शन म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय अधूनमधून नाशिकला माहेरी फेरी, म्हणजे कसारा घाट आलाच.

तक्रारी तीन होत्या. खड्ड्यात पुढून डाव्या बाजूने टकटक. ब्रेक दाबला की घासल्यासारखा आवाज. आणि कापूरबावडीच्या सिग्नलला एका टेम्पोने डावा कोपरा चेपल्यामुळे हेडलॅम्पची काच तडकलेली, बंपर फाटलेला. डॉक्टरांनी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. तिथे त्रेचाळीस हजारांचं एस्टिमेट हातात पडलं. मग ओळखीच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सगळं करून देतो बावीस हजारात. पार्ट चांगलाच टाकतो."

मी बरीच वर्षं वागळे इस्टेटमध्ये स्पेअर पार्टच्या काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे आमच्या सोसायटीतली एस्टिमेटं फिरत फिरत माझ्याकडे येतात. डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता: "काका, ओरिजिनल टाकू की बाहेरचं?"

या प्रश्नाला एक उत्तर नसतं, कारण एस्टिमेटमध्ये ओळी अकरा होत्या. पुढचे शॉकअब्सॉर्बर जोडी ५,६००. त्यांचे माउंट, म्हणजे वरची रबरी बैठक, आणि बेअरिंग २,२००. लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे, जोडी ४,२००. लिंक रॉड १,५००. ब्रेक पॅड २,१००. ब्रेक डिस्क जोडी ४,४००. हेडलॅम्प ३,८००. बंपर ३,१००. बंपरचा रंग ३,६००. ऑइल, फिल्टर, वायपर मिळून ४,३००. मजुरी आणि अलाइनमेंट ८,२००. आकडे करासकट. घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, गाडीच्या पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी बहुतेक पार्टना २८ टक्के होता. पूर्ण फायदा पुढे दिला तर करासकट किंमत साधारण आठ टक्क्यांनी उतरते. जुन्या स्टिकरचा माल जुन्याच भावाने गळ्यात मारणारे दुकानदार तेव्हा भेटत होते, म्हणून बिलावरचा कराचा दर बघायला मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं.

पार्ट घेण्याआधी बाजारात 'ओरिजिनल' नावाखाली काय काय चालतं ते बघू. गाडीची कंपनी शॉकअब्सॉर्बर, पॅड, हेडलॅम्प, फिल्टर यातलं फारसं काही स्वतः बनवत नाही. ते पुरवठादार बनवतात. गेब्रिएलचे शॉकअब्सॉर्बर, ब्रेक्स इंडियाचे ब्रेक, राणेचे स्टिअरिंगचे जोड, लुमॅक्सचे दिवे, बॉशचे प्लग ही आपल्याकडची जुनी नावं. गेब्रिएलचा पहिला कारखाना तर १९६१ साली इथे शेजारी मुलुंडलाच निघाला. यांचा माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यात गेला की तो 'जेन्युइन' होतो. त्याच बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात आला की काउंटरवरची माणसं त्याला 'ओईएम मेक' म्हणतात, आणि तो स्वस्त असतो. तिसरा, त्या गाडीला कधीच माल न पुरवलेल्या पण नाव-पत्ता असलेल्या उत्पादकाचा. चौथा बिननावाचा, ज्याला सगळे 'लोकल' म्हणतात. आणि पाचवा नकली, जो कायम पहिल्याच्या वेषात येतो.

मिस्त्रीच्या 'चांगलाच पार्ट' या शब्दांत दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत काहीही बसतं. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये फक्त पहिला बसतो, पण तो बदलायची गरज आहे का, हे मात्र त्या कागदावरून कळत नाही. दोन्हीकडे प्रश्न अर्धाच सुटलेला.

सुरुवात डिस्कपासून, म्हणजे ब्रेक पॅड ज्या चकतीला पकडतात तिच्यापासून केली, कारण तिथे ओरिजिनल की लोकल हा वादच नव्हता. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मिस्त्रीने चाक उतरवून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. दोन्ही डिस्क त्या आकड्याच्या बऱ्याच वर होत्या, पृष्ठभागावर हलक्या रेघा होत्या पण खोल चरे नव्हते, आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरत नव्हतं. बदलायचं कारणच उरलं नाही. ४,४०० रुपयांची ओळ खोडली. घासल्याचा आवाज पॅड संपत आल्यामुळे होता. नव्या पॅडवर साधारण दहा मिलीमीटर माल असतो, इथे दोन-अडीच उरला होता.

पॅड बदलायचेच होते, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग त्यांच्यावरूनच घडला. मिस्त्रीचा पोऱ्या दुकानातून पॅड घेऊन आला. खोका गाडीच्या कंपनीचा, चकचकीत. भाव तेराशे. एमआरपी २,१०० असलेला जेन्युइन पार्ट तेराशेला कसा, हा पहिला प्रश्न. माझ्या काउंटरच्या अनुभवात जेन्युइन पार्टवर किरकोळ गिऱ्हाइकाला पाच-दहा टक्के सुटतात, गॅरेजवाल्याला थोडे जास्त. जवळजवळ चाळीस टक्के कोणीच सोडत नाही, कारण तेवढं मार्जिन दुकानदाराकडेच नसतं.

मग खोका उलटासुलटा केला. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, नगसंख्या आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे एमआरपीचं लेबल दुसऱ्या लेबलावर चिकटवलेलं होतं आणि महिना-वर्ष पुसट. लेबलवरचा पार्ट नंबर डॉक्टरांच्या मॉडेलचा नव्हता, त्याच गाडीच्या डिझेल आवृत्तीचा होता. पॅडच्या पाठीमागच्या लोखंडी पट्टीवर ना बनवणाऱ्याची खूण, ना बॅचचा आकडा, नुसता काळा रंग. उतरवलेल्या जुन्या पॅडच्या पाठीवर मात्र दहा वर्षांनीही अक्षरं वाचता येत होती.

मिस्त्री लबाड नव्हता हे लिहायलाच हवं. तो स्वतःही खोका बघूनच समाधानी झाला होता. नकली माल बनवणारा कधी 'लोकल'ची नक्कल करत नाही. ज्या नावाला भाव आहे त्याचीच करतो. म्हणून अनोळखी दुकानातून घेतलेला 'जेन्युइन' हा माझ्या मते बाजारातला सगळ्यात जोखमीचा पार्ट आहे. नाव-पत्ता असलेल्या दुसऱ्या उत्पादकाचा पॅड त्यापेक्षा कितीतरी बरा. रिकाम्या खोक्यांनाही बाजारात गिऱ्हाईक असतं, हे काउंटरवर बसलेल्या कोणालाही ठाऊक असतं. तेव्हा पार्ट बसवून झाला की खोका फाडून टाका, तसाच भंगारात देऊ नका.

पॅडच्या बाबतीत एवढी चिकित्सा कशाला, असं डॉक्टरांच्या यजमानांना वाटलं. शहरात फिरताना बहुतेक कुठलाही पॅड गाडी थांबवतो, म्हणून लोक फसतात. फरक पडतो तो तापल्यावर. पॅडचं मिश्रण रेझिनने बांधलेलं असतं. ते निकृष्ट असेल तर लांब उतारावर तापून पकड ढिली होते, पेडल दाबलेलं आणि गाडी पुढे सरकतेच आहे असं होतं. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना पुढे कंटेनर आणि मागे एसटी असेल, तर तो अनुभव कुणालाच नको. शिवाय काही स्वस्त पॅड इतके कडक असतात की ते डिस्क खातात, म्हणजे वाचवलेली ४,४०० रुपयांची ओळ वर्षभराने परत एस्टिमेटमध्ये येते. मिस्त्रीने पोऱ्याला तो खोका परत द्यायला पाठवलं. कंपनीच्या अधिकृत वितरकाच्या काउंटरवरून जीएसटी बिलासह दोन हजाराला पॅड आणले. मजुरी मिस्त्रीची, पार्ट वितरकाचा. ही वाट बऱ्याच जणांना सुचतच नाही. जेन्युइन पार्ट हवा म्हणजे सर्व्हिस सेंटरची मजुरीही घेतलीच पाहिजे असं काही नाही.

टकटक कुठून येत होती? डाव्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा फिरता सांधा, ढिला आणि दोन्ही आर्मचे बुश, म्हणजे सांगाड्याकडच्या टोकाचे रबरी तुकडे, चिरलेले. मिस्त्रीचा मूळ बेत जुन्या आर्ममध्ये बाहेरचे बुश प्रेस करून बसवायचा होता, खर्च सातशे-आठशे. हे काम चुकीचं नाही. आर्म सरळ असेल, बॉल जॉइंट घट्ट असेल आणि बुशचं रबर चांगलं असेल तर लोक वर्षानुवर्षं असंच करतात. पण इथे जॉइंटच गेला होता. तो पूर्ण सुटला तर चाक आत किंवा बाहेर कोलमडतं आणि गाडी जागच्या जागी बसते. वेगात असताना हे झालं तर काय, ते सांगायला नको. म्हणजे अख्खा आर्म बदलायचा हे ठरलं. कोणाचा, एवढंच बाकी होतं.

बिननावाची जोडी १,९०० ला मिळत होती, कंपनीची वितरकाकडे ४,००० ला. फरक २,१०० रुपयांचा. डॉक्टरांना मी तो मजुरीसकट मांडून दाखवला. आर्म काढून बसवायचे १,४००, त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागते, तिचे ६००. म्हणजे बिननावाचा पार्ट टाकून ३,९००, कंपनीचा टाकून ६,०००. बिननावाच्या बुशचं रबर एक-दोन पावसाळ्यांत परत चिरलं तर पुन्हा ३,९००, एकूण ७,८००, आणि गाडी दोनदा गॅरेजात. एकदा खोललं की मजुरी जाते ती जाते. पार्ट स्वस्त होता म्हणून मिस्त्री दुसऱ्यांदा फुकट खोलत नाही. जिथे पार्टच्या किमतीच्या मानाने खोलायची मजुरी मोठी, तिथे स्वस्त पार्ट क्वचितच स्वस्त पडतो. क्लच हे याचं आणखी ठळक उदाहरण. गिअरबॉक्स उतरवून आत बिननावाची प्लेट टाकणाऱ्याचं मला नेहमीच आश्चर्य वाटत आलं आहे.

इथे गाडी किती वर्षं ठेवायची हेही विचारावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ही २०३० पर्यंत. डॉक्टरांना तोवर तरी ठेवायची होती. सहा महिन्यांत विकायची असती तर मी आर्मबाबत हेच सांगितलं असतं, कारण पुढचा मालकही माणूसच आहे. पण शॉकअब्सॉर्बरच्या बाबतीत कदाचित वेगळा सल्ला दिला असता.

डावा शॉकअब्सॉर्बर तेल गळून ओला झाला होता. उजवा कोरडा होता, पण हे जोडीनेच बदलतात. एक नवा आणि एक दहा वर्षांचा असला की गाडी वळणावर आणि ब्रेकवर एका बाजूला ओढते. जुना उतरवल्यावर कपड्याने पुसला, तर नळकांड्यावर बनवणाऱ्याची खूण दिसली. ही युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे: कारखान्यातून बसून आलेल्या पार्टवर बहुधा कुठेतरी पुरवठादाराचं नाव किंवा चिन्ह असतं. शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर, हेडलॅम्पच्या पाठीवर, कंडेन्सरच्या कडेला. जुना पार्ट वाचा, मग बाजारात जा. त्याच उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातली जोडी, त्याच मॉडेलची, ४,२०० ला मिळाली. कंपनीच्या खोक्यापेक्षा १,४०० ने कमी.

यात एक मेख आहे. नाव तेच असलं म्हणून माल तंतोतंत तोच असेल असं धरून चालत नाही. उत्पादक एकाच गाडीसाठी खुल्या बाजारात थोडा वेगळा नमुना विकू शकतो. गाडीची कंपनीही मधल्या काळात पुरवठादार बदलते. म्हणून नावाबरोबर मॉडेल, वर्ष आणि पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये जुळवून घेतला. माउंट मात्र कंपनीचेच टाकले. तिथे रबर असतं, आणि शॉकअब्सॉर्बर उतरवलेला असतानाच ते बदलले तर वेगळी मजुरी लागत नाही. लिंक रॉड नावाजलेल्या दुसऱ्या उत्पादकाचे, ९०० ची जोडी. लिंक रॉड गेला तर आवाज येतो आणि वळणावर गाडी जरा जास्त झुकते, पण चाक निखळत नाही. काढायला-घालायलाही दोन नट. तिथे कंपनीचाच हवा असा हट्ट मी धरत नाही.

ऑइल, फिल्टर आणि वायपरवर फार बोलायचं कारण नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, फिल्टर ओळखीच्या मेकचे, बिलासह. तीन हजारात झालं.

हेडलॅम्प आणि बंपर हा विम्याचा हिशोब निघाला. डॉक्टरांची पॉलिसी सर्वसमावेशक, पण झिरो डेप, म्हणजे पार्टवर घसारा न कापणारी, नाही. अशा पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर घसारा सरळ ५० टक्के. गाडीचं वय काहीही असो. काचेवर घसारा नाही, पण आजकालच्या हेडलॅम्पची 'काच' प्लॅस्टिकचीच असते. म्हणजे लॅम्प आणि बंपरच्या ६,९०० पैकी ३,४५० मिळणार. रंगकामात मटेरिअलचा भाग एकूण रकमेच्या चौथा हिस्सा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात. ३,६०० मधले ४५० कापले जाऊन ३,१५० मिळणार. बसवण्याची मजुरी ८००. बेरीज ७,४००, त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली सक्तीची वजावट १,००० काढली की हातात ६,४००.

११,३०० च्या कामाला ६,४०० मिळत असतील तर क्लेम का करू नये? कारण डॉक्टरांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर होता. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ असा परत चढत ५० पर्यंत पोचायला पाच वर्षं लागतात. हा बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीवर नाही. त्यांचा तो हप्ता बोनसच्या आधी साधारण पाच हजार. म्हणजे पहिल्या वर्षी २,५००, मग १,५००, मग १,२५०, मग ७५०, मग २५० असं सव्वासहा हजारांचं नुकसान. गाडीची विम्यातली किंमत दरवर्षी उतरते त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण क्लेमचे ६,४०० जवळजवळ त्यातच जिरतात.

क्लेम केला असता तर जेन्युइन पार्टच घ्यायला सांगितलं असतं, कारण मग निम्मे पैसे विमा कंपनीचे. क्लेम नाही म्हटल्यावर दुसरे पर्याय खुले झाले. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातल्या गाडीचा उतरवलेला ओरिजिनल लॅम्प स्वस्तात मिळतो, मिस्त्रीने ते सुचवलंही. माझा विरोध होता. त्या लॅम्पचा आतला परावर्तक किती मंद झालाय आणि पाठीच्या खुंट्या कुठे चिकटवल्यात हे दुकानात कळत नाही. बिननावाच्या नव्या लॅम्पमध्ये उजेडाची रेष नीट कापलेली नसते. समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो आणि स्वतःला खड्डा दिसत नाही. रात्री नऊनंतर विटाव्याहून परतणाऱ्या बाईला ते परवडणार नव्हतं. जुन्या लॅम्पच्या पाठीवर नाव होतंच. त्याच मेकचा २,९०० ला घेतला आणि बसवल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांची पातळी जुळवून घेतली. बंपर बदललाच नाही. प्लॅस्टिक वेल्डिंग करून, पुट्टी-रंगासह ३,००० लागले. स्थानिक बंपर ११००-१२०० ला येतो खरा, पण क्लिपांची भोकं जुळत नाहीत आणि फेंडरशी फट राहते. रंग वेगळा द्यावाच लागतो, मग बचत उरते कुठे?

मजुरी आणि अलाइनमेंट मिळून मिस्त्रीने ४,५०० घेतले. सगळी बेरीज २६,७००. त्याच्या बावीस हजारांपेक्षा पावणेपाच हजार जास्त, सर्व्हिस सेंटरपेक्षा सोळा हजार कमी. आणि यातली सगळ्यात मोठी एकटी बचत एक पार्ट न बदलल्याने झाली.

हेच एस्टिमेट दोन वर्षांच्या गाडीचं असतं तर? सोसायटीतल्या एका गृहस्थांनी हा हिशोब ऐकून लगेच विचारलं की बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते ना. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात असं म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येते. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या होत्या. कागदावरचा हक्क आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरची हुज्जत यांत अंतर असतं, म्हणून वॉरंटीतल्या गाडीला मी इंजिन, क्लच आणि वायरिंगशी संबंधित काहीही बाहेर करू नका असंच सांगतो. वायपर आणि केबिन फिल्टर खुशाल बाहेरून घ्या.

डॉक्टरांनी सगळी बिलं एका फाइलमध्ये लावली. त्यावर पार्ट नंबर, तारीख आणि बसवतानाचं किलोमीटर मिस्त्रीकडून लिहून घेतलं. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, दवाखान्यातली सवय असावी. डिस्कची मोजलेली जाडीही त्याच कागदावर आहे. ९५ हजार किलोमीटरला मागचे ब्रेक शू बघायचे ठरलेत. तोवर ते आहेत तसेच ठेवलेत, कारण खोलल्यावर त्यांच्यावर माल भरपूर दिसला.